मुक्या जिवांची जाणकार : जोन प्रॉक्टर

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कर्तबगार स्त्रियांची चरित्रे असावीत असे ठरले आणि त्यांतले एक चरित्र लिहिण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपविले. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई यांच्याविषयी लिहिण्यास माझ्याहून अधिकारी भगिनी मंडळात आहेत. म्हणून मी एका अशा बाईंची हकीगत सांगणार आहे की, ज्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्या जणींच्या कानावरून गेले असेल. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये मात्र हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले होते. त्यांचे नाव जोन बोशँप प्रॉक्टर. साप, सरडे आणि घोरपडी यांच्या देखभालीत त्यांनी आपले अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य वेचले. हे वाचून काही जणी नाक मुरडतील. गेल्या वर्षीपर्यंत मीही मुरडले असते. माझे मत कसे बदलले ते आधी सांगते.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या शेजारच्या मुलाने एक इग्वाना पाळला आहे. इग्वाना म्हणजे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला मोठा हिरवा सरडा. सरकारदरबारी त्याची नोंद वगैरे सारे रीतसर केलेले आहे. हिरवा म्हणून त्याचे नाव हिरू. या हिरूच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली आणि ती कापून काढल्यावाचून गत्यंतर नाही असे दिसू लागले. माझी भाची पशुवैद्य आहे, म्हणून मुलाच्या आईने मला बरोबर चलण्याची गळ घातली. आम्ही निघणार, तेवढ्यात कोणी तरी त्यांना सल्ला दिला की, सरड्याला तासभर बर्फात ठेवावे, म्हणजे तो निपचित पडतो आणि भूल देण्याचा खर्च वाचतो. बिचारीला ते पटले. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध हिरूला ठेवून आम्ही दवाखाना गाठला. पेटी उघडली तेव्हा तो खरोखरच लाकडासारखा पडला होता.

भाची कोणावर रागावली नाही. तिने हिरूला अलगद उचलून मऊ कापडात गुंडाळले आणि उबदार पेटीत ठेवले. त्या दिवशी कापाकापीचे नावही काढायचे नाही, आधी त्याला ऊब येऊ द्यायची, असे तिने सांगितले. मग तिने आम्हाला जे समजाविले ते माझ्या मनातून अजून जात नाही. थंडीने सरड्याचे हातपाय गारठतात, हालचाल थांबते. पण त्याची वेदना थांबते असे मुळीच मानता येत नाही. अशा स्थितीत सुरी लावली तर त्याला ती कळत असेल, पण पाय झाडून ते सांगण्याची शक्ती तेवढी त्याच्यापाशी उरलेली नसेल. पूर्वी पुष्कळ ठिकाणी बर्फाचा हा उपाय करीत. आता जाणते पशुवैद्य तो सर्वस्वी त्याज्य मानतात.

हे ऐकताना मला माझ्या लहानपणचा आठवड्याचा बाजार आठवला. एक माणूस जिवंत घोरपड घेऊन बसला होता. तिचे पाय पाठीवर ओढून बांधले होते आणि ती डोळे उघडे ठेवून निश्चल पडली होती. तिचे तेल सांध्यांना चांगले, असे तो ओरडून सांगत होता. मी आईला विचारले की हिला दुखत नसेल का? शेजारी उभ्या असलेल्या कोणी तरी परस्पर उत्तर दिले की, ही जात थंड रक्ताची, हिला काही कळत नाही. कळले असते तर ओरडली नसती का? ते मला त्या वयात खरे वाटले. दवाखान्यात हिरूकडे पाहताना ते किती खोटे होते हे उमगले.

भाचीच्या दवाखान्यात भिंतीवर एक जुने छायाचित्र लावलेले आहे. त्यात एक सडपातळ तरुणी माणसाएवढ्या लांबीच्या घोरपडीच्या पाठीवर हात ठेवून आहे. हिरूला ऊब येण्याची वाट पाहत बसलो असता मी त्या चित्राची चौकशी केली. त्या जोन प्रॉक्टर. त्यांच्याविषयीचे लेख भाचीने मला वाचावयास दिले आणि पुढे महिनाभर मला दुसरे काही सुचेना.

जोन यांचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शेअरबाजारात दलाल होते. आईला चित्रकलेचे अंग होते आणि आईचे वडील भूगर्भशास्त्राचे व वनस्पतींचे अभ्यासू होते. घरी थोरली बहीण होती. तिने पुढे बागकामाच्या शिक्षणात नाव मिळविले. जोन लहानपणापासून आजारी. आतड्यांचे दुखणे तिच्या पाठीस लागले ते कायमचेच. ज्या वयात मुली अंगणात हुंदडतात त्या वयात तिचे कित्येक दिवस अंथरुणात जात. तिला बाहुल्यांचा नाद नव्हता. दहाव्या वर्षी तिच्यापाशी साप आणि सरडे होते. त्यांत एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशिया प्रांतातला एक मोठा सरडा तिचा विशेष लाडका. प्रवासाला निघाली की तो बरोबर असे आणि जेवताना तो तिच्या शेजारी बसे. आपल्याकडे एखादीने असा सरडा पंगतीला बसविला असता तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय केले असते याची कल्पना करावी! पण तिच्या घरच्यांनी तिला अडविले नाही, हे त्यांचे मोठेपण.

लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत तिचे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षी तिने मगरीचे एक पिलू मिळविले आणि एक दिवस ते गणिताच्या तासाला बरोबर नेले. वर्गात काय हलकल्लोळ उडाला असेल तो सांगावयास नको. ती अभ्यासात हुशार होती आणि केंब्रिजला जाण्याची तिची योग्यता होती. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही आणि तो बेत सोडावा लागला. पदवीची वाट बंद झाली तेव्हा तिने दुसरी वाट धरली. लंडनच्या वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गविभागात सरपटणाऱ्या प्राण्यांचे आणि माशांचे प्रमुख जॉर्ज बूलेंजर हे त्या विषयातले जगप्रसिद्ध विद्वान होते. शाळकरी जोन आपल्या सापसरड्यांविषयीचे प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जात असे. त्यांनी तिला हसून परत पाठविले नाही. १९१६ साली त्यांनी तिला आपल्या हाताखाली कामास घेतले आणि १९१७ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, ती लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेची सदस्य झाली.

बूलेंजर १९२० साली निवृत्त झाले आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग जोनबाईंच्या हाती आला. वेतन जेमतेम, काम अमाप. त्या वर्षांत त्यांनी कितीतरी शास्त्रीय निबंध लिहिले. पूर्व आफ्रिकेत एक चपटे, लवचीक पाठीचे कासव आहे. ते खडकांच्या फटीत शिरून बसते. त्याच्या कवचाच्या रचनेवरचा त्यांचा १९२२ सालचा निबंध आजही जाणकार काढून पाहतात. वस्तुसंग्रहालयातले प्राणी मात्र सारे बाटल्यांत, मद्यार्कात बुडविलेले. जिवंत प्राण्यांची त्यांची ओढ १९२३ साली फळास आली. त्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने त्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचे प्रमुख नेमले. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते.

बाईंच्या हाताला आईची कला होती. संग्रहालयाच्या मत्स्यालयात, जे १९२४ साली खुले झाले, त्यातली खडकांची रचना आणि पार्श्वभूमी त्यांच्या कल्पनेतून आली. परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांचे नवे घर. सर गाय डॉबर या वास्तुतज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी त्याची आखणी केली आणि १९२७ साली ते खुले झाले.

या घरात विशेष काय होते, ते आपण गृहिणींनी समजून घेण्यासारखे आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे आपण हसून म्हणतो. पण तो कुंपणाकडे का धावतो? सकाळचे ऊन तिथे मिळते म्हणून. आपले शरीर अन्नातून स्वतःची ऊब निर्माण करते. सरड्याला ती बाहेरून मिळवावी लागते. ऊन कमी झाले की त्याचे पचन मंदावते, जखम भरून येत नाही, औषधही अंगी लागत नाही. फार तापला तर तो सावलीत सरकतो. म्हणजे त्याला एकाच जागी ऊन आणि सावली दोन्ही हवीत. प्रॉक्टरबाईंनी विजेच्या योजनेने प्रत्येक पिंजऱ्यात एक कोपरा उबदार आणि दुसरा त्याहून थंड ठेवण्याची सोय केली, म्हणजे ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे बसावे. साध्या काचेतून उन्हातले जे किरण आत येत नाहीत, ते येऊ देणारी नवी काच त्या सुमारास निघाली होती. ती त्यांनी छपरात वापरली. ते किरण नसले तर सरड्यांची हाडे ठिसूळ होतात, कारण त्यांवाचून अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आपल्या बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांना कोवळ्या उन्हात बसविण्याची चाल आहे, तिच्या मुळाशीही हेच शास्त्र आहे. शिवाय प्रेक्षक उभे राहतात ती जागा त्यांनी अंधारी ठेवली आणि उजेड पिंजऱ्यांत सोडला. त्यामुळे पाहणाऱ्याला प्राणी स्पष्ट दिसत, पण त्यांच्यावर माणसांच्या सावल्यांचा सारखा मारा होत नसे.

त्याच १९२७ साली कोमोडो बेटांकडच्या दोन जिवंत घोरपडी लंडनला आल्या. ही जात आपल्या घोरपडीच्याच कुळातली, परंतु तिची लांबी तीन मीटरपर्यंत जाते आणि ती हरणाडुकरांची शिकार करते. शास्त्रज्ञांना तिची ओळख १९१२ सालीच झाली होती आणि युरोपातल्या लोकांनी तोवर ती जिवंत पाहिलेली नव्हती. लोक तिला अग्निमुखी राक्षसच समजत. या दोघींची नावे सुंबावा आणि सुंबा अशी ठेवली होती. जोनबाईंनी सुंबावाला हळूहळू माणसाळविले. त्यांच्याबरोबर ती मोकळी फिरे आणि तिचे शेपूट हाताशी धरून बाई तिला वळण दाखवीत. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी प्राणिशास्त्रीय संस्थेच्या सभेत बाईंनी सुंबावालाच सर्वांपुढे आणले. विद्वान मंडळी खुर्च्यांत बसलेली, समोर ते प्रचंड जनावर, आणि बाई त्याला थोपटीत, हाताने कोंबडी, कबूतर नि अंडी भरवीत आपला निबंध सांगत होत्या. तानाजीची यशवंती घोरपड आपण पोवाड्यांतून ऐकतो. ही तर डोळ्यांदेखतची!

यात जादूटोणा काही नव्हता. अशा प्राण्याला घाईने, वरून झडप घालून धरले की तो शत्रूच समजतो. त्याला ऊब मिळाली, भूक भागली, रोज तेच हात तशाच धिम्या गतीने अंगावरून फिरले, की तो भ्यावयाचे सोडतो. मोठमोठे अजगर आणि मगरी हाताळण्यात बाईंची ख्याती होती. विषारी सापांच्याही त्या जाणकार होत्या. प्राणी आजारी पडला की दुखणे ओळखावे, औषध द्यावे, प्रसंग पडल्यास शस्त्रक्रियाही करावी, अशी सर्व कामे त्या करीत.

शस्त्रक्रियेचा विषय निघाला म्हणून त्या काळची अडचण सांगितली पाहिजे. माणसाला ईथर देऊन शस्त्रक्रिया करण्याचा जाहीर प्रयोग १८४६ साली बोस्टनला झाला, क्लोरोफॉर्म १८४७ साली एडिंबरोला आला. बाईंच्या काळी माणसांच्या इस्पितळांत भूल ही नित्याची गोष्ट झाली होती. पण सरड्याला किती द्यावी, त्याला ती चढली हे कसे ओळखावे, उतरली नाही तर काय करावे, याचे भरवशाचे शास्त्र तेव्हा नव्हते. ज्या औषधांवर आजचे पशुवैद्य भिस्त ठेवतात त्यांतले केटामाइन प्रथम १९६२ साली तयार झाले, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी. त्यांच्या हाती होती ती ऊब, उजेड, निरीक्षण आणि स्वतःचे हात.

आता हिरूचे काय झाले ते सांगते, म्हणजे तेव्हाचे आणि आताचे एकमेकांशी कसे जुळते ते दिसेल. तीन दिवस भाचीने त्याला नुसते उबेत ठेवले, अंगात पाणी भरले, खाऊ घातले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात असतो तसल्या काट्यावर त्याचे वजन ग्रॅमपर्यंत मोजले, कारण एवढ्याशा जिवाला औषधाचा एक थेंब कमीजास्त झाला तरी फरक पडतो. छायाचित्र काढण्यापुरते त्याने निश्चल राहावे म्हणून तिने एक गंमत केली. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवून मऊ पट्टी अलगद बांधली. पाचदहा मिनिटांत तो शांत पडला. डोळ्यांवरच्या हलक्या दाबाने या जातीच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि ती स्वस्थ होते. परंतु मोठा आवाज झाला की ती गुंगी मोडते. शिवाय वेदना तिने थांबत नाही. म्हणून कापण्यासाठी हा उपाय चालत नाही, हे भाचीने आम्हाला बजाविले.

कापण्यापूर्वी तिने पुढच्या पायात वेदनाशामक आणि गुंगीचे औषध टोचले. मागच्या पायात का नाही, असे मी विचारले. या प्राण्यांच्या मागच्या अंगातले रक्त बरेचसे मूत्रपिंडांकडून जाते. तिकडे टोचलेली काही औषधे अंगभर पोचण्याआधीच गाळली जाण्याचा संभव असतो. गुंगी आली तेव्हा तिने त्याला उताणे करून पाहिले. शुद्धीवर असलेला सरडा तत्काळ पालथा होतो. हिरू झाला नाही. मग जिभेच्या मुळाशी दिसणाऱ्या श्वासनळीत बारीक नळी घातली आणि तिच्यातून भुलेचा वायू सुरू केला. नुसता मुखवटा लावून हे काम नीट होत नाही, कारण सरडा बराच वेळ श्वास रोखून धरू शकतो. आपल्या छातीखाली श्वासाचा पडदा असतो तसा त्याला नसतो. अंगाचे स्नायू सैल पडले की त्याचा श्वासही मंदावतो किंवा थांबतो. म्हणून मदतनीस मुलगी रबरी पिशवी दाबून त्याला मिनिटाला चार-पाच श्वास देत होती. हृदयाचे ठोके एका लहानशा यंत्रातून खोलीभर ऐकू येत होते. खाली उबदार गादी होती, पण मध्ये कापड आणि शेजारी तापमापक, कारण भुलेतल्या सरड्याला चटका बसत असला तरी तो सरकू शकत नाही.

पायाचे बोट चिमट्याने दाबूनही त्याने पाय ओढला नाही, तेव्हाच भाचीने सुरी लावली. आतला पू आपल्यासारखा पातळ नव्हता; खव्यासारखा घट्ट होता. त्यामुळे नुसती चीर देऊन भागत नाही, पिशवीसकट गाठ काढावी लागते. काम पंचवीस मिनिटांत झाले. वायू बंद केला, गुंगी उतरविणारे उलट औषध टोचले आणि खोलीतल्या साध्या हवेचे श्वास चालू ठेवले. तो आपणहून श्वास घेऊ लागल्यावरच नळी काढली. रात्रभर त्याला उबेत, सपाट जागी ठेवले. उंच फांदीवर किंवा पाण्याच्या तसराळ्याजवळ जाऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जास्वंदीचे फूल खाल्ले तेव्हा शेजारीणबाईंच्या डोळ्यांना पाणी आले.

माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा भुलेचे डॉक्टर माझ्या उशाशी बसून होते. जाग येताच दुखते का, असे त्यांनी मला विचारले. हिरूला तसे विचारता येत नाही, म्हणून त्याच्याऐवजी त्याचे ठोके, त्याचा श्वास आणि त्याचे बोट यांना विचारावे लागते, एवढाच काय तो फरक. आणि भाचीने सुरीला हात लावण्याआधी तीन दिवस जे केले, ती ऊब, तो उजेड, ती शांतता, यांसाठीच तर प्रॉक्टरबाईंनी शंभर वर्षांपूर्वी अख्खे घर बांधले होते. नव्या औषधांची भर पडली, पण पाया त्यांनी घातलेलाच राहिला.

बाईंचे स्वतःचे दुखणे मात्र या साऱ्या काळात वाढतच होते. नवे घर उघडले तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि त्यांच्या वाट्याला आता चारच वर्षे उरली होती. चालणे अवघड झाले तेव्हा विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीत बसून त्या संग्रहालयभर फिरत आणि आपल्या प्राण्यांची विचारपूस करीत. सुंबावा त्यांच्या सोबत असे. पाहणाऱ्यांना ती खुर्ची आणि ते जनावर यांचे कौतुक वाटे. खुर्चीत बसलेल्या बाईंना त्या क्षणी किती कळा येत असतील याचा अंदाज फार थोड्यांना असावा. १९३१ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या मुलीला प्रकृतीपायी विद्यापीठाची पायरी चढता आली नाही, तिच्याकडे पदवी अशी चालत आली. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या रीजंट उद्यानात ते प्राणिसंग्रहालय आहे, त्याच्या जवळच त्या राहत होत्या.

त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा त्यांनी बांधलेल्या घरात ठेवण्यात आला. त्या घरात पुढे नव्वदाहून अधिक वर्षे साप, सरडे, कासवे नांदली. २०२४ साली संग्रहालयाने या प्राण्यांसाठी नवी वास्तू उघडली. बाईंची जुनी इमारत ऐतिहासिक म्हणून कायद्याने संरक्षित आहे. एका कासवाला आणि एका सापाला शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले, तेही एक स्मारकच.

चरित्र येथे संपले. परंतु ते वाचल्यापासून माझ्या मनात एक विचार घोळतो आहे, तो भगिनींपुढे मांडते. निपचित पडलेल्याला दुखत नाही असे आपण किती सहज धरून चालतो! बाजारातली ती घोरपड ओरडली नाही, बर्फातला हिरू हलला नाही. आपल्याही घरात जी बाई कधी तक्रार करीत नाही, तिला काही होत नाही असेच सारे मानतात. माझी सासू दोन वर्षे पोटदुखी अंगावर काढीत राहिली. आम्ही तिला सोशिक म्हणून नावाजले आणि डॉक्टरकडे नेले ते फार उशिरा. जो बोलत नाही, त्याला आपण होऊन पाहावे लागते. जोन प्रॉक्टर यांनी बोलू न शकणाऱ्या प्राण्यांकडे तसे पाहिले. स्वतःच्या दुखण्याने त्यांना ती दृष्टी दिली की काय, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांनी पाहिले खरे.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडची घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. ती पकडणे, पाळणे, तिचे तेल विकत घेणे हा गुन्हा आहे. देवघरात ठेवावयास म्हणून हाताजोडी नावाची जी मुळी विकतात ती मुळी नसून बहुधा घोरपडीचाच वाळविलेला अवयव असतो; ती कोणी दारात आणली तर घेऊ नये. आणि कोणाच्या मुलाने परवानगीचा, नोंद केलेला परदेशी सरडा पाळला असेलच, तर तो आजारी पडता बर्फ, दारू, माणसांच्या झोपेच्या गोळ्या असले घरगुती प्रयोग न करता त्याला कापडाच्या पिशवीत, उबेत, अंधारात ठेवून या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

हिरू आता बरा आहे. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या शेजारच्या गॅलरीत ऊन येते, तेव्हा तो जाळीपाशी येऊन बसतो. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका पूर्वी किंचाळून मागे सरत. परवा त्यांच्यातल्या एकीने त्याला जास्वंदीचे फूल दिले.